पट्टीशिवाय बॅटरी बांधून मिळणार नाही

तिला सगळे कटऑफताई म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण तिला ते माहीत होतं आणि तिची फारशी हरकतही नव्हती. नावाला कारणं दोन. एक तर ती बॅटऱ्या दुरुस्त करायची आणि कटऑफ, म्हणजे वीज आपोआप तुटणं, हा शब्द तिच्या तोंडी दर तिसऱ्या वाक्याला यायचा. दुसरं म्हणजे समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देणं तिच्या स्वभावातच नव्हतं. गिऱ्हाईक म्हणायचं, "ताई, काल चार्जिंगला लावली आणि सकाळी उठून बघतो तर..." की ताई म्हणायची, "फुगली. ठेवा इथे. उशाशी घेऊन झोपला होतात ना?" तो खरोखरच उशाशी घेऊन झोपलेला असायचा. मग उरलेलं वाक्य गिळून टाकण्यापलीकडे त्याच्या हातात काही राहायचं नाही. ऐन तारुण्यात तिला लग्नाचं विचारायला आलेल्यांची वाक्यंही अशीच मधे तुटली, असं तिची वहिनी सांगते. आता बावन्न वर्षांची झाली तरी ती खोड गेली नव्हती. फक्त एकदा, जिथे तोडायलाच हवं होतं तिथे, तिने एक वाक्य पुरं होऊ दिलं. ही गोष्ट त्या वाक्याची आहे.

त्याआधी तिचं काम समजून घ्यायला हवं. लिथियमचा सेल हा स्वभावाने तापट. दिसतो बोटाएवढा, पण त्याला प्रमाणाबाहेर भरलं तर फुगतो, पार रिकामा केला तर आतून खराब होतो, आणि असा आतून खराब झालेला सेल पुन्हा भरायला गेलं तर कधी पेटतो. म्हणून सेल एकत्र बांधून बॅटरी केली की तिच्यावर एक हिरवी पट्टी बसवतात. त्या पट्टीचं काम एकच: सेलांवर लक्ष ठेवायचं आणि काही जास्त झालं की विजेची वाट तोडायची. भरणं जास्त झालं, तोड. उपसा जास्त झाला, तोड. एकदा तोडली की लोड काढल्याशिवाय, म्हणजे ओढणारी मोटर बंद करून थोडं थांबल्याशिवाय, पट्टी पुन्हा जोडू देत नाही. तिच्याशी हुज्जत घालता येत नाही.

अशा पट्ट्या बनवणाऱ्या कारखान्यात ताईने बावीस वर्षं तपासणीच्या टेबलावर काढली. तिचं काम पट्ट्यांना छळायचं. मुद्दाम जास्त भरायचं, मुद्दाम उपाशी ठेवायचं, मुद्दाम शॉर्ट करायचं, आणि पट्टी वेळेवर तोडते की नाही ते बघायचं. न तोडणारी पट्टी डाव्या खोक्यात. डावं खोकं जितकं भरेल तितका तिला आनंद. मालकाला अर्थातच नाही.

तपासणीत कधीकधी पट्टी बाजूला ठेवून नुसते सेल चालवून बघावे लागत. त्यासाठी पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लाल वायर लावत. वीज त्या वायरीतून परस्पर जाते आणि पट्टी आपली नुसती बघत बसते. कारखान्यात याला बायपास म्हणत, रस्त्यावरचे मेकॅनिक 'डायरेक्ट' म्हणतात. टेबलावरच्या प्रमुख, ज्यांना सगळ्या मोठ्या बाई म्हणत, त्यांनी यासाठी एक नियम घालून दिला होता. जी लाल वायर लावेल, तिने गळ्यात पिवळा पत्र्याचा बिल्ला अडकवायचा. बिल्ल्यावर कोणीतरी वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं होतं: बायपास चालू. बिल्ला गळ्यात असेपर्यंत जेवायला जायचं नाही, पाणी प्यायला जायचं नाही. आणि तो स्वतःच्या हाताने काढायचा नाही. दुसऱ्या बाईने टेबलापाशी यायचं, लाल वायर निघाल्याची डोळ्यांनी खात्री करायची आणि मग तिनेच तो गळ्यातून काढायचा. एकदा एक बाई घाईघाईत बिल्ल्यासकट घरी गेली. नवऱ्याने विचारलं, बक्षीस कसलं मिळालं? तिला मोठ्या बाईंनी उलट पावली परत बोलावलं, वायर तिच्याच हाताने काढायला लावली, आणि मगच बिल्ला उतरवला. बावीस वर्षांत त्या टेबलावर एक बॅटरी पेटली नाही.

कारखाना बंद पडला तेव्हा बाकीच्या बायकांनी आठवण म्हणून एकत्र फोटो काढला. ताईने तो बिल्ला मागून घेतला. घराच्या पुढच्या खोलीत तिने स्वतःचं टेबल मांडलं, टेबलावरच्या भिंतीत एक खिळा ठोकला आणि त्यावर बिल्ला लटकवला. आणि दारावरची पाटी तिला रंगवून दिली तिच्या दादाने.

दादा तिच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. लहानपणीच्या एका तापात त्याचे पाय गेले, पण हात असे की लोक पाटीवरचा मजकूर वाचायच्या आधी अक्षर बघत उभे राहत. दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंती, डॉक्टरांची नावं, सगळं त्याच्या ब्रशातून उतरलेलं. बहिणीची पाटी रंगवायला त्याने तीन दिवस घेतले. तिच्या म्हणण्याप्रमाणे मजकूर एकच ओळ होता: पट्टीशिवाय बॅटरी बांधून मिळणार नाही. दादा म्हणाला, "चिमणे, ही दुकानाची पाटी आहे की धमकी?" तरी त्याने ती निळ्यावर पांढऱ्याने अशी काढली की गिऱ्हाईक आत येण्याआधीच निम्मं वरमायचं.

दादा चढाच्या पायथ्याशी राहायचा, ताई चढाच्या डोक्यावर. तो तीन चाकांच्या खुर्चीगाडीवरून फिरायचा. गाडीला मोटर होती आणि मोटरीला ताईने बांधलेली बॅटरी. चार वर्षं ती छान चालली. मग सेल थकले, त्यांची एक रांग जरा कमजोर झाली आणि चढावर बॅटरी मधेच बंद पडायला लागली. पट्टी तोडायची. दादाने स्विच बंद करायचा, तीस मोजायचे, स्विच चालू करायचा, आणखी थोडं वर जायचं, की पुन्हा तेच.

त्या दिवशी तो आला तो रागानेच. गाडीत मागे रंगाचे पाच डबे होते.

"तुझी पट्टी मला आज तीनदा उभं करून गेली."

"सेल थकलेत. उपसा जास्त होतोय म्हणून ती..."

"मला ऐकायचं नाही ती का तोडते ते. चिमणे, वरच्या शाळेची आख्खी भिंत मिळालीय. दीड महिना रोज चढायचंय. ती पट्टी काढ आणि डायरेक्ट करून दे."

"दादा, वेड लागलंय का? दारावर काय लिहिलंयस तूच?"

"मीच लिहिलंय, म्हणून मीच पुसतो." मग त्याचा आवाज खाली आला. "तुला माहीत नाही गं काय होतं ते. मी स्विच बंद करून मोजत बसलेला असतो. लोक मागून येतात आणि ढकलायला लागतात. मी नको, नको म्हणतोय, तोवर त्यांनी ढकलून वर नेलेलं असतं. वर 'असू द्या, असू द्या' म्हणतात. छप्पन्न वर्षांत मी गाडी घेतली ती कशासाठी? कोणी ढकलू नये म्हणून ना?" एवढं बोलून तो बाहेर ओट्यापाशी गाडी नेऊन थांबला.

त्याचं वय अठ्ठावन्न, पण छप्पन्न म्हणाला; रागात त्याला आकडे नीट येत नसत. ताईला एरवी हसू आलं असतं. त्या दिवशी आलं नाही. तिला डोळ्यांपुढे दिसली ती दादाची लहानपणची पाठ, जिला ती स्वतः शाळेपर्यंत ढकलत न्यायची आणि जी कधी मागे वळून बघायची नाही.

तिने मोठ्या क्षमतेच्या पट्टीची आणि नव्या सेलांची मागणी तिथल्या तिथे फोनवरून नोंदवली. आठ-दहा दिवस लागतील, म्हणाले. आठ-दहा दिवसांत काय होतंय? तिने बॅटरी उघडली, लाल वायर घेतली, सोल्डरचे दोन डाग दिले, झालं. मग सवयीने हात खिळ्याकडे गेला. बिल्ला तिने काढला, गळ्यात घालायला डोकंही वाकवलं. बाहेर दादा शीळ घालत होता. घरात ती एकटी. तिच्या मनात आलं, घालीन, पण काढणार कोण? आणि स्वतःच्याच घरात बिल्ला घालून बसायचं म्हणजे काय ते! ती हसली आणि तो परत खिळ्याला लावला.

दादा त्या दिवशी चढ एका दमात चढला. संध्याकाळी फोनवर म्हणाला, "चिमणे, विमान केलंस गं, विमान."

मोठी पट्टी नवव्या दिवशी आली, सेलही आले. ताईने पट्टी ड्रॉवरमध्ये ठेवली आणि सेलांचं खोकं टेबलाखाली. दादाला फोन केला तर तो म्हणाला, भिंत होऊ दे, गाडी एक दिवससुद्धा सोडता येत नाही. भिंत झाली, तर तिच्याकडे कामाची गर्दी. गर्दी सरली, तर तिला ताप. ताप उतरला, तर... खरं सांगायचं तर मग कारणही उरलं नाही. ती विसरली. ज्या बाईने बावीस वर्षं हजारो पट्ट्यांवर डोळा ठेवला, ती सख्ख्या भावाच्या बुडाखालची लाल वायर विसरली.

दुपारची वेळ होती. दादा बाहेरच्या खोलीत खाटेवर पडला होता, वहिनी आत झोपली होती, गाडी दाराशी चार्जिंगला लावलेली. आधी फुसफुस झाली, मग गोडसर उग्र वास, मग धूर. दादाने वहिनीला हाका मारल्या, पण तिला गाढ झोप. तो खाटेवरून खाली घसरला, हातांवर सरपटत गाडीपाशी गेला, उजव्या हाताने बॅटरी खाचेतून ओढली आणि उंबऱ्याबाहेर ढकलली. ती अंगणात फटाफट फुटत राहिली. घर वाचलं, वहिनी वाचली. दादाचा उजवा तळवा आणि तीन बोटं बॅटरीच्या पत्र्याला चिकटून सोलून निघाली.

ताई धावत पोहोचली तेव्हा त्याला दवाखान्यात न्यायला रुग्णवाहिका आलेली होती. शेजारच्यांनी अंगणातल्या कोळशावर वाळू ओतली होती. "तुम्ही बघा ताई, तुम्हालाच कळेल," कोणीतरी म्हणालं. ती उकिडवी बसली. वाळू बाजूला केली. सेल फाटले होते, पट्टी काळी पडली होती आणि पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तांब्याची वायर, वरचं लाल जळून गेलेली, जशी तिने लावली होती तशी होती. कमजोर रांग चढावर रोज पार कोरडी होत होती आणि घरी येऊन रोज भरली जात होती. पट्टीने पहिल्याच दिवशी तोडलं असतं. ताईला हे कळायला एवढासा वेळ लागला. मग जे केलं ते मात्र तिला पुढे कितीतरी दिवस स्वतःलाच खरं वाटेना: तिने ती वायर उपटली आणि मुठीत घेतली.

वहिनी पांढरीफटक उभी होती. "वन्सं, काय झालं हो नेमकं?"

ताईचं तोंड उघडलं. तेवढ्यात स्ट्रेचरवरून दादाच बोलला. "माझीच चूक. त्या चार्जरचा दिवा डोळ्यावर येतो म्हणून मी वरून गोणपाट टाकलं होतं. तापली असेल त्याने. हिने किती वेळा सांगितलं होतं, चार्जिंगवर काही झाकू नकोस. मीच ऐकलं नाही."

हेच ते वाक्य. जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं मधे तोडणारी बाई मूठ आवळून उभी राहिली आणि तिने ते शेवटच्या शब्दापर्यंत पुरं होऊ दिलं.

त्यानंतरचे दिवस तिला कोणी शिक्षा दिली असती तर बरं झालं असतं असे गेले. दादा दवाखान्यात भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा, माझ्या बहिणीची बॅटरी होती म्हणून निभावलं, बाजारातली असती तर घर उडालं असतं. लोक हे ऐकून ताईकडे कामं घेऊन यायचे. "तुमच्या भावाने पाठवलं," म्हणायचे. ती मान खाली घालून बॅटरी घ्यायची. एकेक पट्टी पाच-पाचदा तपासायची. बाहेर पडताना निळी पाटी समोर यायची, म्हणून तिने मागच्या दाराने ये-जा सुरू केली. शेजारणीने विचारलं, पुढचं दार अडतं का? ती म्हणाली, हो, अडतं.

जळकी वायर तिने बटणांच्या डबीत ठेवली होती. टाकवत नव्हती आणि बघवतही नव्हती. जेवायला बसली की घास घशाखाली उतरायचा नाही. मोठ्या बाईंचा नियम आपोआपच पाळला जात होता.

दीड महिन्याने डॉक्टर म्हणाले, जखम भरली आहे, पण अंगठा आणि पहिली दोन बोटं आता जुळणार नाहीत. दादाने घरी येऊन ब्रश धरायचा प्रयत्न केला. ताई समोरच होती. ब्रश पडला. त्याने पुन्हा उचलला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "असू दे. तसंही आता सगळे छापीलच पाट्या लावतात." आणि मग जसं काही झालंच नाही अशा आवाजात, "चिमणे, गाडीला नवी बॅटरी बांधून दे गं. घरात बसून कुजायला होतंय. तुझ्याच हातची हवी, दुसऱ्याची मी बसवणार नाही."

ती घरी आली, टेबलाखालचं खोकं ओढलं आणि नवे सेल मांडले. मोठी पट्टी घ्यायला ड्रॉवर उघडला. पाकीट तसंच बंद. पाकिटावर पोचल्याची तारीख तिच्याच अक्षरात. ती स्टुलावर बसली आणि ढसाढसा रडली. रडून झाल्यावर तिने बॅटरी बांधली, कारण ती तेवढं एकच नीट करू शकत होती. पट्टी बसवली, छळून बघितली, पट्टीने प्रत्येक वेळी तोडलं. मग तिने खिळ्यावरचा बिल्ला काढला, या वेळी हसली नाही, गळ्यात घातला, बटणांची डबी घेतली आणि पुढच्या दाराने बाहेर पडली.

दादा खाटेवर बसला होता, वहिनी त्याच्या हाताला मलम लावत होती. ताईने बॅटरी दाराशी ठेवली, डबी उघडून वायर त्याच्यासमोर चादरीवर ठेवली.

"ही बॅटरीत होती. गोणपाटाने काही झालं नाही. मी डायरेक्ट केलं होतं, म्हणून पेटली. त्या दिवशी अंगणातून मी ही उचलली आणि लपवली."

वहिनीचा हात थांबला. दादा वायरीकडे बघत राहिला. ती सांगत गेली, बिल्ल्याचं, खिळ्याचं, ड्रॉवरचं. त्याने मधे एकच प्रश्न विचारला.

"मोठी पट्टी कधी आली होती?"

"नवव्या दिवशी."

"आणि पेटली?"

"सत्त्याहत्तराव्या."

आवाज चढला तो वहिनीचा. "वन्सं, अहो माझा माणूस रोज उठून स्वतःला दोष देतोय! गोणपाट टाकलं, गोणपाट टाकलं, म्हणून झोपेत बडबडतो. आणि तुम्ही रोज येऊन समोर बसत होतात? त्याच्याच हाताने दारावर लिहून घेतलंत ना, पट्टीशिवाय मिळणार नाही म्हणून? त्याच हाताने!"

"मीच मागितलं होतं डायरेक्ट," दादा म्हणाला, अगदी हळू.

"तू मागितलंस," ताई म्हणाली, "पण तुला माहीत नव्हतं. मला माहीत होतं."

दादाने वायर चांगल्या हाताने उचलून डबीत ठेवली, डबी बंद केली आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. बिल्ला ताईच्या गळ्यातच होता. तो काढायला कोणी पुढे आलं नाही, आणि येईल अशी आशा आपण केली होती याचीच तिला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊन गेली. दादा बोलला नाही. तिसऱ्या दिवशी गेली, चौथ्या दिवशी गेली. ती खुर्ची ओढून बसायची, "दादा, मी चुकले," म्हणायची, तो भिंतीकडे बघायचा, ती डबा ठेवून निघायची. नवी बॅटरी दाराशी ठेवली तिथेच धूळ खात होती. असे एकोणीस दिवस गेले. विसाव्या दिवशी वहिनीने तिला दारातच थांबवलं आणि बाहेर येऊन दार मागे ओढून घेतलं. तिच्या आवाजात त्या दिवसाचा राग नव्हता, नुसता थकवा होता.

"वन्सं, एक सांगू? राग येईल तुम्हाला."

"माझा कसला राग..."

"मग आज तरी मला पुरं बोलू द्या. तुम्ही रोज येता, रोज माफी मागता. म्हणजे त्यांनी रोज उठायचं आणि ठरवायचं, आज द्यायची का नाही द्यायची. त्यांना हात सांभाळायचाय, डाव्या हाताने जेवायला शिकायचंय, त्यात हे तुमचं रोजचं. तुम्हाला मोकळं व्हायचंय, कळतं मला. पण तुमचं ओझं ते किती ओढतील? काही दिवस येऊ नका. डबाही नको."

ताई चढ चढून घरी आली. वाटेत दोनदा थांबली. आधी लोड काढा, मग थांबा: वहिनीने जे सांगितलं ते ती स्वतः इतकी वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आली होती, आणि तिला ते कोणीतरी दारात उभं करून सांगावं लागलं. ती गेली नाही. फोन केला नाही. न जाणं हे जाण्यापेक्षा कितीतरी अवघड होतं. जाऊन रडून आलं की निदान रात्रीची झोप तरी लागायची.

बिल्ला मात्र तिने काढला नाही. गिऱ्हाइकं विचारायची, ताई, हे काय? ती सांगायची, "भावाच्या बॅटरीला मी बायपास लावला होता. पेटली. त्याचा हात गेला." काहीजण चुकचुकायचे. एकाने टेबलावर ठेवलेली आपली बॅटरी उचलून परत नेली, आणि ताईने त्याला पिशवी दिली. येणाऱ्यांची संख्या रोडावली. जे आले त्यांच्यापैकी "डायरेक्ट करून द्या" असं मात्र पुन्हा कोणी म्हणालं नाही. आंघोळीला जाताना ती बिल्ला मागे पाठीवर सारायची आणि त्याचा पत्रा गार लागायचा.

दोन महिने गेले. एके दिवशी सकाळी अकराच्या सुमारास ती एका टॉर्चची बॅटरी उघडून बसली असताना फोन वाजला. दादाचा. स्क्रू तिच्या हातून सुटला आणि टेबलावरून घरंगळत गेला.

"चिमणे."

"दादा..."

"तुझी नवी पट्टी कट झाली. चढाच्या मधोमध उभा आहे."

"धूर? वास? बॅटरी गरम आहे का, हात लावून..."

"काही नाही. गार आहे. मागे डबे जरा जास्त घेतलेत." मग थोडं थांबून, "तोडली तिने. बरोबर केलं."

"डबे? कसले डबे?"

"निळा आणि पांढरा, तुझ्या पाटीचे. दुसरे कसले?"

फोनमध्ये रस्त्याचा आवाज येत होता. कोणीतरी जवळ येऊन म्हणालं, ढकलू का हो? आणि दादाचा आवाज आला, ठणठणीत, "नको. लोड काढलाय. मोजतोय." माणूस गेला असावा.

"स्विच बंद केलास?" तिने विचारलं.

"केला."

"मग तीस मोज."

"तेच करतोय. तू ऐक फक्त." आणि तो मोजायला लागला. सावकाश, पाटीवरची अक्षरं आखताना मोजायचा तसा. एक, दोन, तीन. ताई फोन कानाला घट्ट धरून उभी राहिली. अकरा, बारा. अठरा. एकोणीस.

"बिल्ला अजून गळ्यात आहे म्हणे?"

"आहे."

"कोणी काढला नाही?"

"दुसऱ्यानेच काढायचा असतो."

"माहीत आहे. सांगितलं होतंस त्या दिवशी." तो श्वास घेण्यापुरता थांबला. "वर आलो की काढतो. डाव्या हाताने जमेल तेवढं. त्यावरचं ते घाणेरडं अक्षर मला मुळीच बघवलं नव्हतं." आणि मग, जिथे सोडलं होतं तिथूनच, "वीस."

ताईने एक शब्दही मधे घातला नाही. ती पुढच्या दारात जाऊन उभी राहिली आणि चढाच्या वळणाकडे बघत, मनातल्या मनात त्याच्याबरोबर मोजू लागली. एकवीस. बावीस.